मुत्तूने सही केलेला कागद

त्या दिवशी हात मी दिला होता. हे वाक्य मी तेवीस वर्षांत कुणापुढेही उच्चारलेलं नाही. क्रेन चालवणाऱ्याला खालून जी खूण करतात तिला आम्ही साइटवर ‘हात’ म्हणत असू. वर घे, थांब, सोड. तो हात मी दिला, त्यात एक माणूस मेला, आणि दोष दुसऱ्याच्या नावावर लागला. ज्याच्या नावावर लागला तो माणूस तीन आठवड्यांपूर्वी वारला. कुम्हारीच्या पलीकडे एका खेड्यात छोटंसं चर्च सांभाळणारे फादर सवरीमुत्तू. कारखान्यात आमच्या शॉपमधल्या एकाने चहा पिताना सहज सांगितलं, “तुमच्या ओळखीचे होते ना ते? सुरुवातीला एकाच खोलीत होते म्हणे तुम्ही?” मी म्हणालो, “होतो.” आणि मशीन पाहायचं निमित्त करून उठलो. मशीन बंदच होतं...

या तीन आठवड्यांत त्यांच्याविषयी दोन-तीन ठिकाणी छापून आलं. हसतमुख, क्षमाशील, सर्वांचे लाडके फादर. लिहिणाऱ्यांनी ते कुठले फादर पाहिले मला माहीत नाही. मी ज्याला ओळखत होतो तो हसतमुख नव्हता, हट्टी होता, तोंडाने तिखट होता, आणि क्षमाशील तर निदान माझ्या बाबतीत मुळीच नव्हता. आधीच सांगून टाकतो, मला तो आवडत नव्हता. तो मेल्यावरही मला तो आवडायला लागला आहे असं नाही. पण त्याच्याबद्दल गोड गोड वाचून मला जे सहन झालं नाही, ते आवडण्या-नावडण्याच्या पलीकडचं होतं. म्हणून हे लिहितो.

आमचा हा पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. मी तुमसरकडचा, बावीस वर्षांचा, आमच्याच गावच्या पुंडलिकभाऊंच्या शब्दावर एका ठेकेदाराच्या गँगमध्ये लागलेलो. पुंडलिकभाऊ गँगचे मुकादम. आम्ही सहाजण टिनाच्या एका खोलीत राहायचो, सगळे आपल्याकडचे, धानाच्या मुलखातले. त्यात एक दिवस ठेकेदाराच्या माणसाने सातवा आणून टाकला. काळा, उंच, खांदे रुंद, एक ट्रंक आणि गळ्यात दोऱ्याला बांधलेला क्रूस. “हे सवरीमुत्तू. क्रेनवाला आहे. जागा द्या.” जागा आम्ही दिली, दाराजवळची, जिथे धूळ सगळ्यात जास्त यायची. आम्ही त्याला मद्रासी म्हटलं तर तो म्हणाला, मी मद्रासचा नाही. मग कुठला? तर म्हणे रंगूनचा. तेव्हापासून तो बर्मावाला झाला.

त्याची हकिगत त्याने एकदाच सांगितली, तीही कुणीतरी चिडवलं म्हणून. बाप रंगूनला भाताच्या गिरणीत हमाल होता. जपानच्या लढाईत बॉम्ब पडायला लागले तेव्हा बाप आधीच मेलेला. आई, मामा आणि हा, दहा वर्षांचा, असे हजारो लोकांबरोबर पायी निघाले, डोंगरांतून, आसामच्या बाजूला. वाटेत आईला हगवण लागली. “दोन दिवस मामानं पाठीवर घेतली. मग मेली. रस्त्याच्या बाजूले ठेवली अन् पुढं निघालो. मागं लोक होते, ढकलून राहिले होते. पुरली नाही. कोणी दोन शब्द म्हटले नाही.” मग विशाखापट्टणमकडे एका अनाथाश्रमात वाढला, बंदरात खलाशी झाला, क्रेन शिकला, इथे आला. हे सांगून झाल्यावर तो म्हणाला, मी पादरी होणार आहे. मेलेल्या माणसाजवळ कोणीतरी उभं राहून दोन शब्द म्हणायला पाहिजे, ते काम मले पाहिजे. आमच्यातला एकजण हसला. मला हसूही आलं नाही, रागच आला. आम्ही सगळे तिथे पर्मनंट व्हायला आलो होतो, आणि हा परमुलखातून आलेला, आपल्यापेक्षा चांगलं काम मिळालेला माणूस ते काम सोडून जायच्या गोष्टी करत होता.

आमच्यात राहून तो आमची बोली शिकला. पुस्तकातली मराठी त्याला कधीच आली नाही, आमचीच आली, झाडीपट्टीची, आणि ती तो तमिळ हेल काढून बोलायचा. ड्यूटीवरून आला की आंघोळ करायचा आणि एक जाडं पुस्तक घेऊन दारात बसायचा. जवळच्या चर्चचे म्हातारे फादर त्याला लॅटिन शिकवत, कारण त्या भाषेशिवाय तेव्हा पादरी होता येत नसे. पंचवीस-सव्वीसचा गडी शाळेतल्या पोरासारखा घोकत बसायचा. मी एकदा म्हटलं, “का बे मुत्तू, तुह्या देवाले हिंदी येत नाही काय?”

“तुह्या देवाले तरी कुठं येते? तो बी संस्कृतच ऐकते म्हणतेत.”

“मले कुठं संस्कृत येते?”

“म्हणून त तो तुह्यासंग बोलत नाही,” तो म्हणाला, आणि पुस्तकात डोकं घातलं. सगळे हसले. मी हसलो नाही. अशा लहानसहान गोष्टी मी मनात ठेवत गेलो, आणि रविवारी तो ज्या सुक्या मासळीची चटणी करायचा तिच्या वासाचं निमित्त करून भांडत गेलो.

आता त्या दिवसाचं. क्रेनच्या केबिनमधून खालचं सगळं दिसत नाही. साइटवर लोखंडाच्या थप्प्या लागलेल्या असत, माणूसभर उंच. क्रेनवाला त्यांच्यामागचं काही पाहू शकत नसे, म्हणून नियम असा की त्याने फक्त एका माणसाचा हात पाहायचा. आणि हात देणाऱ्याने ओझं खाली घेण्याआधी स्वतः एक फेरी मारायची, थप्प्यांमागे डोकावायचं, कुणी नाही हे पाहायचं, जागेवर यायचं, आणि मग हात द्यायचा. गँगमध्ये पंजाबी, तेलुगू, छत्तीसगढी, आम्ही, वरून दुभाष्यासह रशियन साहेब. कुणाचं बोलणं कुणाला धड कळत नसे. काम चालायचं ते या हातावर. मुत्तू हाताचा पक्का होता. हात मिळाल्याशिवाय तो ओझं बोटभर हलवत नसे, साहेब ओरडला तरी नाही.

उन्हाळा होता. जेवणाचा भोंगा व्हायला पाच-सात मिनिटं असतील. एक लांब तुळई वर लटकत होती आणि ती खाली घेतल्याशिवाय जेवायला सुटी नव्हती. मी तळहातावर तंबाखू-चुना घेतला होता, नुकताच मळला होता. फेरी मारायची म्हणजे तो टाकून हात मोकळे करावे लागणार होते. फेरी पन्नास पावलांची. मी ती मारली नाही. डाव्या मुठीत तंबाखू धरून ठेवली आणि उजव्या हाताने खूण केली, सोड. मुत्तूने माझ्याकडे पाहिलं, मी पुन्हा खूण केली, त्याने सोडली. जवळच्या उतई गावचा सुकालू नावाचा मजूर थप्पीमागे सावलीत ठेवलेली आपली बासी आणायला गेला होता. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ती माणसं दुपारी खातात, ती बासी. तो ओरडलाही नाही. ओरडलं ते लोखंड, आणि मग दुसरे लोक.

मी तिथे पोचायच्या आधी मुत्तू केबिनमधून खाली उतरून पोचला होता. गुडघ्यावर बसून तो पुटपुटायला लागला होता, ते त्याचे दोन शब्द. सुकालूचा भाऊ त्याच गँगमध्ये होता. त्याने मुत्तूच्या छातीवर लाथ घातली. मी पाहत उभा होतो, आणि माझ्या डाव्या मुठीत तंबाखू तशीच होती. पुंडलिकभाऊंनी मला दंडाला धरून पाण्याच्या माठाकडे ओढत नेलं. त्यांना काही सांगावं लागलं नाही, त्यांनी स्वतःच पाहिलं होतं.

“आयक. तू पाणी प्याले गेल्ता. मी तुह्या संग होतो. हात कोणी देल्लाच नाही. समजलं?”

“पण भाऊ, त्यानं पाह्यलं...”

“पाह्यलं त पाहू दे. तो बर्मावाला. ना गाव, ना गोत. इथून हाकललं त दुसऱ्या साइटवर जाईन. तुले हाकललं त तुह्या बापाले मी काय तोंड दाखवू? मूठ खोल. धू हात.”

मी हात धुतला. चौकशी ठेकेदाराच्या इंजिनियरने केली, तंबूत, टेबल टाकून. मुत्तू एकच वाक्य म्हणत राहिला, “हाथ मिला साब, तब छोड़ा.” कुणी दिला? त्याने माझ्याकडे बोट केलं. मी म्हणालो, मी पाणी प्यायला गेलो होतो. भाऊ म्हणाले, माझ्यासोबत होता. खोलीतल्या दोघांनीही, ज्यांनी काही पाहिलं नव्हतं, आपल्या माणसाच्या बाजूने मान हलवली. इंजिनियरने मुत्तूला पुन्हा विचारलं. तो म्हणाला, “हाथ मिला साब, तब छोड़ा.” लिहिलं गेलं ते असं, की क्रेनवाल्याने खूण नसताना ओझं सोडलं.

त्याला क्रेनवरून उतरवलं आणि भंगार उचलायला लावलं. माझी कल्पना होती की तो निघून जाईल. तो गेला नाही. त्याच खोलीत, दाराजवळच्या त्याच जागेवर राहिला, रोज सकाळी आमच्यासोबत साइटवर यायचा आणि ज्या क्रेनवर बसायचा तिच्याखाली लोखंडाचे तुकडे गोळा करायचा. आणि मी त्याचा द्वेष करायला लागलो. आधी नुसता नावडायचा. आता त्याचा श्वास नकोसा झाला. तो काही बोलत नसे, माझ्याकडे पाहतसुद्धा नसे, पण तो आहे एवढंच मला पुरेसं होतं. मी त्याची मासळीची पुडी नालीत फेकली. खोलीतून काढायला बाकीच्यांकडून अर्जावर सह्या घेतल्या. कामावर नवा माणूस आला की मी स्वतः होऊन सांगायचो, तो पाहून ठेव, त्यानं माणूस मारला. एकदा सुकालूचे नात्यातले चार-पाच जण उतईहून आले, कोण तो म्हणून विचारत. बाकीचे गप्प राहिले. मी दाखवला. त्यांनी त्याला भंगाराच्या ढिगावर पाडून मारलं. डावा गुडघा तेव्हा गेला, तो पुढे कधी नीट झाला नाही. लेखांमध्ये लिहिलं आहे की फादर लंगडत लंगडत गोरगरिबांच्या दारी जात. लंगडत का, ते कुणी लिहिलं नाही.

मग काही महिन्यांनी एक दिवस चर्चचे म्हातारे फादर सायकल ढकलत साइटवर मला शोधत आले. पांढरी दाढी, हिंदी आमच्यापेक्षा शुद्ध. मुत्तूने सेमिनरीत, म्हणजे पादरी होण्याच्या शाळेत, जायला अर्ज केला होता, आणि अर्जासोबत कामाचा दाखला लागतो. दाखल्यात लिहिलं होतं की याच्या निष्काळजीपणामुळे एक मृत्यू झाला. फादरनी मला समजावून सांगितलं की त्यांच्यात ज्याच्या चुकीने माणूस मेला त्याला पुरोहिताची दीक्षा देता येत नाही. त्यासाठी गुन्हा कबूल करून रोमहून माफी आणावी लागते, आणि ती मिळेलच असंही नाही. “लेकिन वह कहता है कि चूक उसकी नहीं थी। आप वहाँ थे। आप क्या कहते हैं?” त्यांनी विचारलं ते इतक्या साधेपणाने की मला वाटलं, आता निघेल तोंडातून. माझा पर्मनंट होण्याचा कागद त्याच आठवड्यात वर गेला होता. मी म्हणालो, मी तेव्हा पाणी पीत होतो. म्हातारे मान हलवून सायकल घेऊन गेले.

मी पर्मनंट झालो. लग्न झालं, कमल आली, कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर 2 मध्ये क्वार्टर मिळालं. मुत्तू कुठे राहतो, काय करतो हे मी विचारत नसे, पण कानावर यायचं. भंगारातून तो स्टोअरमध्ये गेला होता. म्हातारे फादर त्याला म्हणत होते, माफीच्या अर्जावर सही कर. तो करत नव्हता. चार वर्षं त्याने ती सही केली नाही. लोक म्हणायचे, काय हट्टी माणूस आहे, एक सही केली की झालं. मीही म्हणायचो.

एका रविवारी दुपारी तो आमच्या क्वार्टरच्या दारात उभा राहिला. कमलने दार उघडलं. मी आतून आवाज ओळखला आणि क्षणभर मागच्या दाराने निघून जावं असं वाटलं. पण ती त्याला बसा म्हणून गेली होती.

“बसाले नाही आलो,” तो म्हणाला, आणि गुडघ्यामुळे बसला. खिशातून एक घडी केलेला कागद काढून त्याने स्टुलावर ठेवला. टाइप केलेला. “हे पाह्य. याच्यात लिहून आहे का माह्या चुकीनं माणूस मेला, मले पस्तावा आहे, मले माफी द्या. सही केली का हा रोमले जाते. माफी आली का मी सेमिनरीत जाऊ शकतो. पुढच्या वर्षी माहं वय जास्त होते, मग घेणार नाहीत.”

“मग कर ना सही. मले कावून दाखवून राहिला?”

“माह्या चुकीनं नाही मेला.”

आत कमल चहाला आधण ठेवत होती, भांड्यांचा आवाज येत होता.

“बुढा फादर म्हणते, देवाले खरं मालूम आहे, तू करून टाक. मी म्हटलं, देवाले मालूम आहे त मग देवाच्या ऑफिसात खोटा कागद कावून पाहिजे?” तो पुढे झुकला. “तू चाल माह्या संग. फादरले एकट्याले सांग. तो कोणाले सांगू शकत नाही, त्याले मनाई असते. तुही नोकरी जात नाही. कंपनीले कळत नाही. कोणालेच कळत नाही. एवढंच सांग का हात देल्ला होता. मग हा कागद लागत नाही.”

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. मला आजही वाटतं, तो आवाज चालू असता तर कदाचित... नाही. हेही खोटंच आहे. आवाज चालू असता तरी मी तेच म्हणालो असतो.

“म्या हात देल्ला नव्हता.”

त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. कमल चहा घेऊन आली, तो त्याने हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला, तिच्याकडे पाहून म्हणाला, “माफ करजो वहिनी, ह्या घरचा नाही पिऊ शकत.” उठताना भिंतीचा आधार घेतला. दारात थांबून माझ्याशी बोलला, आवाज चढवला नाही.

“मी सही करीन. लोकं येतीन अन् जाळीच्या पलीकडून मले आपले पाप सांगतीन. मी आयकीन. अन् मी तिथं बसलो असन ते तुह्या खोट्यावर बसलो असन. हे तू मले देल्लं.” मग म्हणाला, “मी तुले माफ नाही करत. पादरी झालो तरी नाही. लोक म्हणतीन, पादरी आहे म्हणजे केलंच असन. तू तसं समजू नको.”

तो गेल्यावर कमल म्हणाली, “तो माणूस खोटं बोलून राहिला असं नाही वाटत.” मी तिच्यावर असा ओरडलो की शेजारच्या क्वार्टरमधली बाई खिडकीत आली. त्यानंतर कमलने हा विषय कधी काढला नाही. तिला हा लेख मी आज वाचायला देणार आहे, छापायला पाठवण्याआधी.

त्याने सही केली. माफी आली. न केलेल्या गुन्ह्याची माफी मागून, ती मिळाल्यावर, मुत्तू सेमिनरीत गेला, आणि सहा-सात वर्षांनी त्याची दीक्षा आमच्याच इथल्या चर्चमध्ये झाली. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेलो, आणि रस्त्याच्या पलीकडे पानाच्या टपरीशी सायकल धरून उभा राहिलो. दारं उघडी होती, आत गर्दी, पण मधली वाट मोकळी. त्यांच्यात दीक्षेच्या वेळी माणूस वेदीपुढे जमिनीवर पालथा निजतो, हात डोक्याखाली घेऊन, आणि बाकीचे त्याच्याभोवती प्रार्थना म्हणतात. हे मला माहीत नव्हतं. मला फक्त दिसलं की तो उंच माणूस पांढऱ्या कपड्यात फरशीवर पालथा पडलेला आहे, हलत नाही, आणि भोवती लोक आहेत. मला तिथे उभं राहवलं नाही. मी सायकल काढली आणि घरी आलो. घरी येऊन काय केलं ते आठवत नाही.

त्यानंतरच्या वर्षांत आम्ही बाजारात, स्टेशनवर, कधी कुणाच्या लग्नात समोरासमोर आलो असू आठ-दहा वेळा. तो पाहायचा आणि पुढे जायचा. मी मान खाली घालायचो. शेवटचा दिसला तो सहा महिन्यांपूर्वी. मी रायपूरहून बसने येत होतो. कुम्हारीला बस थांबली आणि तो चढला, झग्यावर धूळ, हातात कापडी पिशवी. बस भरलेली होती, एकच जागा रिकामी, माझ्या शेजारची. त्याने ती पाहिली. मला पाहिलं. कंडक्टर म्हणाला, “फादर, उधर खाली है, बैठ जाइए.” तो म्हणाला, “ठीक हूँ।” आणि दांडी धरून उभा राहिला. पुढच्या थांब्यावर चढलेल्या एका बाईला त्याने स्वतः हात करून ती जागा दाखवली. तसला गुडघा घेऊन तो माझ्या डोळ्यांसमोर उतरेपर्यंत उभा होता. मला तेव्हा त्याचा राग आला. एवढ्या वर्षांनीही माणसाने असं वागावं, असं वाटलं. घरी आल्यावर लक्षात आलं की मीही उठलो नव्हतो, आणि फादर, बसा, असे दोन शब्दही माझ्या तोंडून निघाले नव्हते...

अंत्यविधीला मी गेलो. मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, चालू असताना आत जायचं धाडस झालं नाही, फाटकाशी थांबलो. तिथे आणखी एकजण आत न जाता बसलेली होती. छत्तीसगढी बाई, पन्नाशीच्या आतबाहेरची, केस सगळे पांढरे झालेले, गुडघे छातीशी घेऊन कडुनिंबाखाली बसलेली. तिच्या सोबतच्या तरण्या पुतण्याने मला सांगितलं, आम्ही उतईहून आलो. ही सुकालूची बायको, बिसाहिनबाई. तिने मला ओळखलं नाही. ओळखायचं कारणच नव्हतं, मी कधी तिच्या दारात गेलो नव्हतो. मी विचारलं, तुम्ही फादरना ओळखता? मला विचारायला नको होतं.

“इही हर मोर आदमी ला मारे रिहिस,” ती म्हणाली. यानंच माझा माणूस मारला. “फेर हर बछर आवय.” तरी दरवर्षी यायचा.

पुतण्याने मग बाकीचं सांगितलं. पहिल्या वर्षी घरच्या माणसांनी मारून हाकललं. दुसऱ्या वर्षी पुन्हा आला. सेमिनरीतली वर्षं सोडली तर एकही उन्हाळा चुकला नाही. सुकालू मेला त्या दिवसाच्या आसपास यायचा, अंगणाच्या बाहेर उभा राहायचा, हात जोडून काहीतरी म्हणायचा आणि निघून जायचा. उन्हातान्हात कोसभर पायी आलेला माणूस, पण काकूने त्याला कधी पाणी विचारलं नाही. गावातल्या दुसऱ्या कुणालाही विचारू दिलं नाही.

“पानी नइ देंव,” बिसाहिनबाई म्हणाली. “एको बेर नइ देंव. मोर आदमी ला मारे हे, त का पानी देतेंव?” एकदाही नाही दिलं. माझा माणूस मारला, तर काय पाणी देऊ? मग तिने थोडा वेळ आतलं गाणं ऐकलं. “आज देखे बर आय हंव के सिरतोन मर गे का.” खरंच मेला का, ते पाहायला आले.

मी विचारलं, त्यानं कधी सांगितलं नाही का तुम्हाला, की चूक त्याची नव्हती? ती माझ्याकडे पाहायला लागली, हा कोण आणि हे कसं विचारतो, अशी. पुतण्या म्हणाला, एकदा मी विचारलं होतं. फादर म्हणाले, मी कागदावर सही केली आहे, आता माझ्या तोंडून दुसरं निघणार नाही. हे ऐकून मला प्रथमच कळलं की त्याने ती सही कशी केली होती. माझं खोटं त्याने एकदा आपल्या सहीने लिहून दिल्यावर ते तो मोडत नव्हता, तिच्या दारातसुद्धा नाही. माझ्यासाठी नव्हे. मला त्याने माफ केलं नव्हतंच.

त्या वेळी माझ्यापुढे तीन हातांवर ती बसली होती. तिचा माणूस कुणी मारला हे सांगायला मला एक पाऊलही टाकावं लागणार नव्हतं. आतून शवपेटी बाहेर आली, लोक बाजूला झाले, ती उठून उभी राहिली, पेटी जाईपर्यंत पाहत राहिली, आणि पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून बसस्टॉपकडे निघून गेली. मी तिला जाऊ दिलं.

हे सगळं मी इथे लिहिलं म्हणजे मोकळा झालो असं कुणी समजू नये. पेपरच्या मराठी पुरवणीत लिहिणं सोपं काम होतं. बिसाहिनबाईला मराठी येत नाही, आणि लिहिता-वाचता तर काहीच येत नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या अंगणाबाहेर कुणी येऊन उभं राहणार नाही, आणि जो येत होता तो खुनी होता असं ती मरेपर्यंत समजत राहील. मुत्तूला मी जे द्यायला हवं होतं ते आता देता येत नाही. तिला द्यायचं राहिलं आहे. उतईला जायचं, तिच्यासमोर उभं राहायचं, आणि सुकालूला मी मारलं हे तिच्या भाषेत तिला सांगायचं. ते मी अजून केलेलं नाही.